एकही लढाई न लढलेलं आरमार

1919 सालच्या वसंत ऋतूत लात्व्हिया नावाच्या देशाचं सरकार एका बोटीवर राहत होतं. बोटीचं नाव सारातोव. ती लिएपायाच्या बंदरात उभी होती आणि तिच्या आसपास ब्रिटिश युद्धनौकांचा पहारा होता. पाच महिन्यांपूर्वी, 18 नोव्हेंबर 1918 रोजी, राजधानी रिगामध्ये स्वातंत्र्याची घोषणा झाली होती. जानेवारीत बोल्शेविक सैन्यानं रिगा घेतलं, म्हणून सरकार पश्चिमेला लिएपायाला आलं. तिथे 16 एप्रिलला जर्मन तुकड्यांनी बंड करून सरकारी कचेऱ्या ताब्यात घेतल्या. पंतप्रधान कार्लिस उल्मानिस आणि त्यांचे सहकारी अखेर या बोटीवर चढले. जूनच्या अखेरीपर्यंत लात्व्हियाचं अधिकृत सरकार जमिनीवर नव्हतं. जुलैमध्ये ते रिगाला परतलं, तेही याच बोटीनं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थांबून पुन्हा वाचलं. राज्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आधी जमीन येते; किल्ला, सीमा, सातबारा. या देशाच्या हातात जमीन उरली नव्हती आणि तरी तो देश होता, कारण एक बोट तरंगत होती. अशा देशात पुढे ज्यांनी नौदलाची वर्दी घातली, त्यांच्याविषयी मला तेव्हापासून ओढ वाटत आली आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत त्या माणसांनी काय केलं, हे मी जमेल तसं वाचत गेले. लात्व्हियाच्या आरमारानं त्या वीस वर्षांत एकही लढाई लढली नाही. नौदलाच्या इतिहासात अशा आरमाराला चार ओळींपलीकडे जागा मिळत नाही. मला मात्र त्या चार ओळी अन्यायाच्या वाटतात.

देशाचा किनारा साधारण पाचशे किलोमीटरचा. रिगाचं आखात हिवाळ्यात गोठतं; लिएपायाचं बंदर बहुतेक वेळा मोकळं राहतं, म्हणूनच रशियाच्या झारनं 1890च्या दशकात तिथे मोठा नाविक तळ बांधायला घेतला होता. पहिल्या महायुद्धात जर्मन आणि रशियन नौदलांनी हे सगळं पाणी सुरुंगांनी भरून टाकलं. युद्ध संपलं, करार झाले, पण सुरुंग पाण्यातच राहिले. रिगाहून निघालेल्या लाकडाच्या बोटीला, मासेमाराच्या होडीला, कुणालाही ते उडवू शकत होते. नव्या देशाचा व्यापार समुद्रावरून चालणार होता. तेव्हा नव्या नौदलाचं पहिलं काम शत्रूशी लढण्याचं नव्हतं. दुसऱ्यांनी मागे टाकलेलं मरण पाण्यातून उचलण्याचं होतं.

त्यासाठी त्यांनी जहाज कुठून आणलं? पाण्याच्या तळातून. जर्मनीचं एम-68 नावाचं माइनस्वीपर, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणारं जहाज, 1917च्या शरद ऋतूत रिगाजवळ सुरुंगावर आदळून बुडालं होतं. लात्व्हियानं 1921 साली ते वर काढलं, दुरुस्त केलं, त्यावर आपलं निशाण लावलं आणि 'विर्साईटिस', म्हणजे सरदार, असं नाव देऊन त्याला ताफ्याचं मुख्य जहाज केलं. जेमतेम पाचशे टनांचं, सुरुंगानं फुटलेलं जहाज देशाच्या आरमाराचं मुख्य जहाज झालं. त्याच्या सुकाणूपाशी उभं राहणाऱ्या अधिकाऱ्याला आपल्या देशाची ऐपत रोज पायाखाली जाणवत असणार. आणि तरीही ते जहाज घासूनपुसून, रंगवून, शेजारच्या देशांच्या भेटीला नेलं जायचं, सलामी दिली-घेतली जायची. हे मला दिखाऊ वाटत नाही. काल-परवा नकाशावर आलेल्या देशाला आपण आहोत हे वारंवार सांगावं लागतं, आणि परक्या बंदरात दिलेली सलामी हा ते सांगण्याचा रीतसर मार्ग असतो.

हे अधिकारी आले कुठून, ही गोष्ट त्याहून जुनी आहे. लात्व्हियन माणूस शेकडो वर्षं जर्मन जमीनदारांच्या शेतावर राबणारा शेतकरी होता. समुद्र दारात असला तरी जहाजाचं सुकाणू त्याच्या हाती नव्हतं. एकोणिसाव्या शतकात क्रिश्यानिस वाल्देमार्स या विचारवंतानं आग्रहानं सांगितलं की शेतकऱ्यांच्या मुलांनी समुद्रावर जावं, कप्तान व्हावं, तिथे त्यांना कुणी जमीनदार अडवू शकणार नाही. त्याच्या प्रयत्नातून 1864 साली आइनाझी या किनाऱ्यावरच्या गावात नाविक शाळा निघाली. शिक्षण फुकट होतं, आणि लात्व्हियन व एस्टोनियन शेतकऱ्यांची मुलं तिथे ताऱ्यांवरून वाट काढायला शिकली. पुढे या मुलांनी स्वतः बांधलेली शिडाची जहाजं दूरवर नेली. देश स्वतंत्र होण्याच्या अर्धं शतक आधी समुद्रानं या लोकांना एक मोकळी जागा दिली होती. नौदल उभं राहिलं ते या पुंजीवर.

दुसरी पुंजी होती झारच्या आरमाराची. 1906 साली रशियानं पाणबुड्यांचं पहिलं प्रशिक्षण केंद्र लिएपायातच काढलं होतं. त्याच्या दोन वर्षं आधी, 1904च्या ऑक्टोबरमध्ये, याच बंदरातून रशियाचा मोठा ताफा अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून जपानशी लढायला निघाला. त्यातली मुख्य जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, मादागास्करला थांबून, हिंदी महासागर ओलांडून गेली आणि मे 1905मध्ये त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत जवळजवळ सगळा ताफा नष्ट झाला. आशियाई देश युरोपीय सत्तेला हरवू शकतो, ही उमेद ज्या बातमीनं हिंदुस्थानात पोहोचवली ती हीच. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात ती आनंदाची बातमी आहे. लिएपायाच्या धक्क्यावरून निरोप देणाऱ्या घरांसाठी ती काय होती, याचा विचार मी लिएपायाबद्दल वाचायला लागेपर्यंत केला नव्हता.

झारच्या नौदलात घडलेल्या माणसांपैकी एक होते आर्चिबाल्ड फॉन कायझरलिंग. जन्म 1882चा, घराणं बाल्टिक जर्मन सरदारांचं, पदवी काउंटची. 1924 ते 1931 या काळात लात्व्हियाच्या नौदलाचे प्रमुख तेच होते, आणि या नौदलाला खरा आकार त्यांच्याच हाताखाली आला. आता यातला पेच बघा. 1920 साली लात्व्हियाच्या संसदेनं जमीन सुधारणेचा कायदा करून बाल्टिक जर्मन जमीनदारांच्या विस्तीर्ण जहागिऱ्या काढून घेतल्या, मालकाला पन्नासेक हेक्टर ठेवून बाकी जमीन भूमिहीनांना वाटली. सातशे वर्षांची सत्ता एका कायद्यानं संपली. आणि ज्या वर्गाची जमीन गेली, त्याच वर्गातल्या माणसानं त्याच राज्याचं आरमार उभं केलं. यात दोन्ही बाजूंचा मोठेपणा आहे असं मला वाटतं. राज्यानं आडनाव पाहून माणूस नाकारला नाही. आणि त्या माणसानं गेलेल्या जमिनीचा हिशोब समुद्रावर आणला नाही.

कायझरलिंग हे आडनाव आपल्याकडेही एका वेगळ्या वाटेनं पोहोचलेलं आहे. याच सरदार घराण्यातले तत्त्वज्ञ हेर्मान कायझरलिंग पहिल्या महायुद्धाआधी जगप्रवासाला निघाले, तेव्हा हिंदुस्थानात येऊन गेले. पुढे 1921 साली जर्मनीत डार्मस्टाट इथे त्यांनी रवींद्रनाथ टागोरांचं मोठं स्वागत केलं. हेर्मान यांचीही एस्टोनियातली जहागीर जमीन सुधारणेतच गेली होती. एकाच घराण्यातला एक माणूस पूर्वेच्या ज्ञानाकडे वळला, दुसरा पूर्व किनाऱ्यावरच्या एका नव्या, गरीब देशाच्या जहाजांकडे. दुसऱ्याचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून ते इथे जरा सविस्तर लिहिलं.

1920च्या दशकाच्या मध्यावर लात्व्हियानं फ्रान्सकडे दोन पाणबुड्या आणि दोन माइनस्वीपर मागवले. माइनस्वीपरांना नावं दिली 'विएस्तुर्स' आणि 'इमान्ता'. तेराव्या शतकाच्या आसपास जर्मन धर्मयोद्ध्यांशी झुंजलेल्या स्थानिक सरदारांची ही नावं. पाणबुड्यांपैकी नांतमध्ये बांधली गेली ती 'रोनिस', म्हणजे सील हा समुद्री प्राणी, आणि ल हाव्रमध्ये बांधली गेली ती 'स्पीडोला', राष्ट्रीय महाकाव्यातली नायिका. दोन्ही 1926 साली पाण्यात उतरल्या. अधिकारी आणि खलाशी प्रशिक्षणासाठी फ्रान्सला गेले. ज्यांच्या आज्यांनी जहागीरदाराच्या अंगणात झाडू मारला, त्यांचे नातू पाणबुडी चालवायला शिकत होते.

एक पाणबुडी म्हणजे किती? लांबी साधारण पंचावन्न मीटर. पाच एसटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर होतील एवढी. वजन पाण्यावर चारशे टनांच्या आत. सहा टॉर्पेडो नळ्या, एक तोफ, आणि आत पंचवीस-तीस माणसं. त्या लोखंडी नळीत डिझेलचा वास, ओल, बॅटऱ्यांची धुगधुग आणि बाल्टिकची थंडी. बाल्टिक हा उथळ समुद्र. त्याचं पाणी कमी खारं असतं, ठिकठिकाणी त्याचे थर बदलतात, आणि खोली एवढी कमी की चूक झाली तर तळ लगेच लागतो. अशा पाण्यात डुबकी मारणं, ठरल्या खोलीवर स्थिर राहणं आणि सगळ्यांना घेऊन वर येणं, हे त्या अधिकाऱ्यांचं वर्षानुवर्षांचं काम होतं. त्याला बातमीमूल्य नव्हतं. दोन्ही पाणबुड्या लात्व्हियाच्या निशाणाखाली असेपर्यंत बुडाल्या नाहीत. पाणबुडीच्या अधिकाऱ्याची यापेक्षा मोठी कामगिरी शांततेच्या काळात कोणती असते?

माझी भाची रिगाला डॉक्टरकीचं शिक्षण घेते. आपल्याकडची बरीच मुलं आता तिथे असतात. तिच्याकडे गेले तेव्हा तिनं मला लिएपायाला नेलं, तेही मी फार आग्रह केला म्हणून. तिच्या मैत्रिणींच्या मते तिथे वारा सोडून काही नाही. शहराच्या उत्तरेला कारोस्ता, झारनं बांधलेली नाविक वसाहत. लाल विटांच्या ओस बराकी, सोव्हिएत काळातल्या राखाडी चाळवजा इमारती, आणि त्यांच्या मधोमध सोनेरी घुमटांचं सेंट निकोलसचं नौदल कॅथेड्रल. 1903 साली त्याच्या उद्घाटनाला झार दुसरा निकोलस स्वतः आला होता. सोव्हिएत काळात याच देवळात खलाशांसाठी सिनेमे दाखवत. पुढे समुद्रात तटबंदीचे काँक्रीटचे प्रचंड तुकडे पडलेले आहेत, लाटा त्यांच्यावरून येतात-जातात. उत्तरेच्या लांबलचक लाटरोधक धक्क्यावर लोक गळ टाकून बसले होते.

तिथे चालताना लक्षात आलं की झार काय किंवा सोव्हिएत काय, दोघांनीही तिथे आपल्या आकारापेक्षा मोठ्या खुणा ठेवल्या आहेत. मधल्या वीस वर्षांची खूण शोधावी लागते. ज्या देशाचा तो किनारा, त्या देशाच्या माणसांनी झारचा तो अवाढव्य तळ दोन पाणबुड्यांसाठी वापरला, जितका लागला तितकाच. मला तो साधेपणा आवडला. भाचीला मी तसं म्हणाले, तर ती म्हणाली, "मावशी, पण त्या दोन पाणबुड्यांनी त्यांना वाचवलं का?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याला उत्तर द्यायला 1940कडे जावं लागतं. पण त्याआधी 1934. त्या वर्षी 15 मेच्या रात्री उल्मानिस यांनी, म्हणजे सारातोव बोटीवर सरकार टिकवून धरणाऱ्या त्याच माणसानं, संसद बरखास्त केली, पक्षांवर बंदी घातली आणि सत्ता स्वतःकडे घेतली. सैन्यानं साथ दिली. नौदल तोवर टेओडोर्स स्पाडे यांच्या हाती आलं होतं. 1931 साली ते कायझरलिंग यांच्या जागी आले आणि शेवटपर्यंत प्रमुख राहिले. 1934 नंतरची वर्षं लात्व्हियात पुष्कळ जण अजूनही सुबत्तेची म्हणून आठवतात. लोणी आणि डुकराचं मांस परदेशी जात होतं, शेतकरी बरा होता. माझं मत असं की त्या रात्री देशानं प्रश्न विचारण्याची सवय गमावली, आणि त्याची किंमत सहा वर्षांनी चुकवली. संसद असती, तर निदान तिथे कुणीतरी उठून उभं राहिलं असतं.

1939च्या सप्टेंबरात युद्ध सुरू झालं. ऑझेल ही पोलिश पाणबुडी एस्टोनियातल्या टालिनच्या बंदरातून रात्री निसटली. एस्टोनियाला आपलं पाणी राखता येत नाही, अशी तक्रार करायला सोव्हिएत संघाला तेवढं कारण पुरलं. आधी एस्टोनियावर करार लादला गेला आणि 5 ऑक्टोबरला लात्व्हियावर. लिएपाया आणि व्हेंट्सपिल्स इथे सोव्हिएत तळ आणि देशात पंचवीस हजारांपर्यंत सोव्हिएत सैनिक. त्याच महिन्यात 'किरोव' ही क्रूझर, म्हणजे मोठी सोव्हिएत युद्धनौका, लिएपायाच्या बंदरात आली. तिच्या शेजारी रोनिस आणि स्पीडोला. किरोववर 180 मिलिमीटरच्या नऊ तोफा होत्या. सलामी, हस्तांदोलन, रीतभात सगळं पार पडलं असणार, कारण करार झाला होता आणि नौदलाचा अधिकारी रीत मोडत नाही. शेजाऱ्याला घरात उतरायला जागा दिली आणि किल्ल्या त्याच्या खिशात गेल्या, हे तिथल्या प्रत्येक माणसाला दिसत होतं.

त्याच शरद ऋतूत हिटलरनं बाल्टिक जर्मनांना परत बोलावलं. काही आठवड्यांत पन्नास हजारांच्या आसपास माणसं लात्व्हिया सोडून जहाजांनी निघून गेली. शतकानुशतकं तिथे राहिलेली घरं बंद झाली. कायझरलिंगही जर्मनीला गेले. 1951 साली त्यांचं निधन झालं. ज्या देशासाठी त्यांनी आरमार बांधलं तो तेव्हा नकाशावर नव्हता, आणि ज्या कुळातून ते आले त्याचा तिथला मागमूसही उरला नव्हता.

15 जून 1940ला पहाटे मास्लेंकी या सीमेवरच्या चौकीवर सोव्हिएत सैनिकांनी हल्ला करून पहारेकऱ्यांना आणि काही नागरिकांना मारलं. दुसऱ्या दिवशी निर्वाणीचा खलिता आला. 17 जूनला रणगाडे रिगात शिरले, आणि त्या रात्री उल्मानिस रेडिओवर म्हणाले, "मी माझ्या जागी राहीन, तुम्ही तुमच्या जागी राहा." प्रतिकार करू नये असा निर्णय झाला होता. तळ आधीच दिलेले होते, लिएपायाच्या बंदरात परकी तोफ होती. लढले असते तर किती तास टिकले असते, याचा हिशोब अवघड नाही.

पण मी त्या अधिकाऱ्यांच्या बाजूनं विचार करत राहते. आयुष्यभर एकाच गोष्टीची तयारी केलेली असते. त्या क्षणी आज्ञा येते की काही करू नका. आज्ञा पाळायला शिकलेला माणूस तीही पाळतो. सीमारक्षक दलाचे प्रमुख जनरल लुडविग्स बोल्श्टेइन्स यांनी 21 जूनला आपल्या कार्यालयात स्वतःवर गोळी झाडून घेतली. बाकीचे जागेवर राहिले. आपल्या जागी राहणं हाच ज्यांचा धर्म, त्यांच्यासाठी उल्मानिस यांच्या त्या वाक्याइतकं जड दुसरं वाक्य नसेल. भाचीला मी उत्तर दिलं ते असं: त्या पाणबुड्या देशाला वाचवू शकल्या नाहीत, पण त्या वीस वर्षांत दर दिवशी त्या देशाचं असणं खरं ठेवत होत्या. तिला ते पटलं की नाही माहीत नाही. मला पटलेलं आहे.

ऑगस्टमध्ये लात्व्हिया सोव्हिएत संघात सामील झाल्याचं जाहीर झालं. जहाजं सोव्हिएत बाल्टिक ताफ्यात गेली. वर्षभरात जर्मन सैन्य लिएपायाच्या वेशीवर आलं, तेव्हा दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या रोनिस आणि स्पीडोला सोव्हिएतांनी तिथेच उडवून दिल्या. इमान्ता 1941च्या जुलैत सुरुंगावर आदळून गेलं. विर्साईटिस डिसेंबर 1941मध्ये, फिनलंडमधल्या हांको तळावरून माणसं काढत असताना, सुरुंगानंच बुडालं. सुरुंगानं बुडालेलं, वर काढून सुरुंग उचलायला लावलेलं ते जहाज दुसऱ्यांदा गेलं तेव्हा त्यावर दुसरं निशाण होतं.

माणसांचं त्याहून वाईट झालं. 14 जून 1941च्या एका रात्रीत लात्व्हियातून पंधरा हजारांहून अधिक लोक गुराढोरांच्या वाघिणींत भरून पूर्वेकडे पाठवले गेले. लिटेने इथल्या उन्हाळी छावणीत लात्व्हियन अधिकाऱ्यांना सरावाच्या नावाखाली जंगलात नेऊन निःशस्त्र केलं. त्यातले अनेक ध्रुवाजवळच्या नोरिल्स्कच्या खाणींत संपले. उल्मानिस 1942 साली कास्पियनच्या काठी क्रास्नोवोद्स्कच्या तुरुंगात वारले. ॲडमिरल स्पाडे यांचा शेवट 1970 साली कझाकस्तानात झाला. नकाशा काढून बघा: समुद्राच्या माणसाला मरायला समुद्रापासून किती आत नेलं होतं.

सगळं मात्र 1940ला थांबलं नाही. तेव्हा परदेशी बंदरांत असलेल्या आठ लात्व्हियन व्यापारी जहाजांच्या कप्तानांनी आणि खलाशांनी सोव्हिएत बंदरांत परत जायला नकार दिला. अमेरिकेनं लात्व्हियाचं विलीनीकरण मान्य केलं नव्हतं, वॉशिंग्टनमधला लात्व्हियाचा दूतावास चालू होता, म्हणून ही जहाजं लात्व्हियाचंच निशाण लावून दोस्त राष्ट्रांचा माल वाहत राहिली. बहुतेक जर्मन पाणबुड्यांच्या तडाख्यात सापडली. 'सिल्टवाईरा' 19 जानेवारी 1942 रोजी यू-123 या जर्मन पाणबुडीनं अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ बुडवलं. तिथल्या किल डेव्हिल हिल्स या गावात आज त्याच्या नावाची गल्ली आहे. देश नाही, सरकार नाही, आणि निशाण मात्र अटलांटिकवर.

पाणबुड्यांवर काम केलेले अधिकारी ह्यूगो लेग्झ्दिन्श 1903 साली जन्मले आणि 2004 साली, शंभरी ओलांडून वारले. त्यांच्या हयातीत देश दोनदा स्वतंत्र झाला. 1991 नंतर नौदल पुन्हा उभं राहिलं, ऑगस्ट 1994मध्ये शेवटचे रशियन सैनिक गेले. नव्या नौदलानं नॉर्वे आणि नेदरलँड्सकडून जुनी जहाजं घेतली आणि त्यांना नावं दिली विर्साईटिस, इमान्ता, विएस्तुर्स. दोन्ही महायुद्धांचे सुरुंग रिगाच्या आखाताच्या तोंडाशी, इर्बे सामुद्रधुनीत, अजून सापडतात. वेळोवेळी शेजारच्या आणि मित्रदेशांची पथकं येतात, तळाचा एकेक पट्टा तपासतात, सापडलेला सुरुंग जागच्या जागी उडवतात आणि पुढच्या पट्ट्याकडे वळतात.